मेणबत्ती, पाणी आणि एक पंचमांश

आमच्या चर्चच्या वेदीमागील खोलीत एक जुने लाकडी कपाट आहे. त्याच्या तळच्या खणात वेदीवर जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे साठत जातात. नाताळ, पुनरुत्थानाचा सण, लग्ने, बाप्तिस्मे, अंत्यविधी अशा प्रत्येक प्रसंगाची दोन-चार बोटे उंचीची आठवण त्या खणात येऊन पडते. वर्षातून एकदा हे तुकडे वितळवायला द्यावेत, असा येथील प्रघात. यंदाच्या मे महिन्यात मात्र तो खण वेगळ्याच कामासाठी रिकामा झाला. धर्मग्रामातील मुलांसाठी पाच दिवसांचे विज्ञान शिबिर भरवायचे ठरले होते, आणि ते घेण्यासाठी आलेल्या शिक्षिकेने आमच्याकडे मुख्यतः दोनच गोष्टी मागितल्या होत्या : मेणबत्त्यांचे तुकडे आणि काचेचे रिकामे ग्लास.

आम्ही खण उपसून तुकडे पिशवीत भरले आणि पिशवी तिच्या हाती दिली. देताना आमचा हात किंचित थांबला. ही शिक्षिका एके काळी आमची विद्यार्थिनी होती, आणि मेणबत्तीच्या अशाच एका तुकड्यावरून आमच्या हातून तिच्यावर अन्याय घडला होता. तो तिच्या स्मरणात आहे की नाही, हे विचारण्याचे धैर्य त्या क्षणी आम्हांला झाले नाही.

गोष्ट २००२ सालच्या पावसाळ्यातील. गुरुदीक्षा होऊन आम्हांला जेमतेम तीन वर्षे झाली होती. वसईच्या पट्ट्यातील एका धर्मग्रामात आम्ही साहाय्यक धर्मगुरू म्हणून काम करीत होतो. तेथील शाळेच्या विज्ञानशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदली शिक्षक मिळेना, आणि सेमिनरीत जाण्यापूर्वी आम्ही विज्ञान शाखेची पदवी घेतलेली असल्यामुळे आठवीचा वर्ग काही महिन्यांसाठी आमच्याकडे आला. आम्हांलाही आनंदच झाला. प्रवचनापेक्षा निराळे काही बोलायला मिळणार होते.

शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे त्या नावाची एक खोली होती. भिंतीलगत काचेच्या दारांचे कपाट होते. त्यात चंचुपात्रे, परीक्षानळ्या, लोहचुंबकाच्या पट्ट्या आणि एक सूक्ष्मदर्शक यंत्र नीट मांडून ठेवलेले होते. कपाटाला कुलूप, आणि किल्ली कार्यालयात. गरिबांच्या वर्गणीतून घेतलेल्या वस्तू फुटू नयेत, ही त्यामागची काळजी प्रामाणिक होती. किल्ली आमच्या हाती आल्यावरही आम्ही ते कपाट फारसे उघडले नाही. मुले साठच्या आसपास, तास पस्तीस मिनिटांचा, आणि अभ्यासक्रम पुढे धावत असलेला. तेव्हा प्रयोग म्हणजे शिक्षकाने टेबलावर करून दाखवायचा, मुलांनी बाकावरून पाहायचा आणि वहीत त्याची आकृती काढायची, अशी जी पद्धत आम्ही विद्यार्थी असताना अनुभवली होती, तीच आम्ही पुढे चालविली.

त्या पद्धतीनेच एके दिवशी आम्ही मेणबत्तीचा प्रयोग दाखवला. आमच्या वयाच्या बहुतेक वाचकांनी तो शाळेत पाहिला असेल. बशीत पाणी घ्यायचे, मध्ये मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घालायचा. थोड्याच वेळात ज्योत मंदावते, विझते, आणि बशीतील पाणी ग्लासात वर चढते. आम्ही मुलांना समजावून सांगितले : ज्वलनासाठी प्राणवायू लागतो, ग्लासातील प्राणवायू जळून संपला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. पाणी किती चढले? साधारण एक पंचमांश. म्हणून हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो, हे सिद्ध झाले. मुलांनी आकृती काढली. निष्कर्ष आम्ही फळ्यावर लिहिला, तो त्यांनी उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. घरची परिस्थिती साधी. वडील केळीच्या वाडीत राबणारे. ती म्हणाली, "फादर, मी काल घरी दोन मेणबत्त्या लावून पाहिलं. पाणी जास्त चढलं. मग तीन लावल्या, तर आणखीन जास्त. ग्लास तोच होता. मग त्यातला प्राणवायू तेवढाच असणार ना?"

आज विचार करताना वाटते, की तेरा वर्षांच्या त्या मुलीने आमच्या साऱ्या स्पष्टीकरणाचा पाया एका वाक्यात तपासून पाहिला होता. शिक्षकाने जे करायला हवे होते, ते तिने आपण होऊन केले होते : एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि काय होते ते पाहायचे. आम्ही काय केले? आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते. ते ठाऊक नाही हे साठ मुलांपुढे कबूल करणेही जमले नाही. आम्ही म्हणालो, "पुस्तक चुकीचं आणि तू बरोबर, असं म्हणायचंय का? मोजण्यात काहीतरी चूक झाली असेल. बस खाली." वर्ग हसला. ती बसली.

घटक चाचणीत तोच प्रश्न आला. तिचे उत्तर आम्हीच तपासले. 'पाणी एक पंचमांश चढते, कारण हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो.' पाचपैकी पाच गुण. शेजारी लाल शाईने आम्ही 'छान' असे लिहिल्याचेही आम्हांला आठवते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या प्रसंगाच्या दहा वर्षे आधी, ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी गॅलिलिओच्या प्रकरणात त्या काळच्या ईशज्ञानपंडितांकडून चूक झाली होती, हे परमगुरुपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे जाहीरपणे मान्य केले. गॅलिलिओवरील खटला १६३३ सालचा. आम्ही त्या वेळी सेमिनरीत होतो. ती बातमी आली तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांनी तिच्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा केली होती. एवढ्या मोठ्या संस्थेने साडेतीनशे वर्षांनंतर का होईना, आपली चूक कबूल करावी, याचा आम्हांला अभिमान वाटला होता. त्याच आम्ही, दहा वर्षांनी, हातात खडू येताच, दुर्बिणीतून पाहून आलेल्या एका लहानग्या जिवाला 'बस खाली' असे सांगून मोकळे झालो होतो. इतिहासातील न्यायाधीशांना दोष देणे किती सोपे असते!

चूक आम्हांला कळली ती पुढे काही वर्षांनी, आणि तीही पुस्तकातूनच. मुलांसाठी लिहिलेल्या विज्ञानाच्या एका पुस्तिकेत याच प्रयोगाची चिकित्सा वाचली. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालताना ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावलेली असते. काही हवा ग्लासाच्या कडेखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर निसटते. ज्योत विझली की आतली उरलेली हवा थंड होते, आकुंचन पावते, तिचा दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले जाते. दोन किंवा तीन मेणबत्त्या असतील तर हवा अधिक तापते, अधिक निसटते, म्हणून पाणीही अधिक चढते. शिवाय ग्लासातील सारा प्राणवायू संपण्यापूर्वीच ज्योत विझते, आणि जळण्यातून कर्बवायू व पाण्याची वाफ निर्माण होते, ते निराळेच. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो हे खरे आहे. पण त्याचा पुरावा हा प्रयोग देत नाही. पाणी कधी कधी पाचव्या भागाच्या जवळपास चढते, तो केवळ योगायोग होय.

ते वाचताना आम्हांला तिसरा बाक आठवला. तोवर आमची बदली झाली होती, आणि ती मुलगी कुठे आहे हेही ठाऊक नव्हते.

त्यानंतर या विषयाचे आम्ही जे जे मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता होशंगाबादच्या प्रयोगाशी आमची ओळख झाली. मध्य प्रदेशातील हा नर्मदाकाठचा जिल्हा. २०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम् झाले आहे. १९७२ साली तेथील सोळा माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान निराळ्या रीतीने शिकविण्यास प्रारंभ झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधन सोडून खेड्यात गेलेले डॉ. अनिल सद्गोपाल यांची 'किशोर भारती' ही संस्था आणि रसूलिया येथील क्वेकर ख्रिस्ती पंथीयांचे फ्रेंड्स रूरल सेंटर, या दोघांनी मिळून हे काम हाती घेतले. मोठ्या संस्थांतील वैज्ञानिक आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सुट्टीत येऊन खेड्यातील शिक्षकांबरोबर जमिनीवर बसत आणि प्रयोग करीत. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. १९८२ मध्ये त्यासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली.

त्या कार्यक्रमातील तीन गोष्टी आमच्या मनात घर करून राहिल्या. पहिली अशी, की 'बाल वैज्ञानिक' नावाच्या त्यांच्या पुस्तकांत उत्तरांपेक्षा प्रश्न अधिक होते. मुले चार-चारांच्या टोळीने प्रयोग करीत, शेतात आणि ओढ्यावर जात, जे दिसले ते लिहीत, आणि निष्कर्ष स्वतः काढीत. दुसरी गोष्ट 'सवालीराम'ची. या काल्पनिक सद्गृहस्थाच्या नावे मुलांनी मनात येईल तो प्रश्न पत्राने पाठवावा आणि त्यास उत्तर यावे, अशी व्यवस्था होती. तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांनी परीक्षाच बदलली. लेखी परीक्षेत पुस्तक आणि वही उघडून पाहण्याची मुभा होती, आणि प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षाही असे. पाठांतराचे गुणच नाहीत म्हटल्यावर पाठांतर आपोआप गळून पडते. परीक्षा जुनीच ठेवून वर्गात प्रयोग आणले, तर ते प्रदर्शनापुरते राहतात.

हा कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ साली राज्य शासनाच्या निर्णयाने बंद झाला. ज्या पावसाळ्यात तो बंद झाला, त्याच पावसाळ्यात आम्ही आमच्या वर्गातील एक प्रश्न बंद केला होता. तुलना करण्याची आमची योग्यता नाही. पण ते साल आमच्या मनातून जात नाही.

आता शिबिराकडे वळू.

चर्चच्या सभागृहात चाळीस मुले जमली होती. शिक्षिका आता जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिकवते. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. पहिल्या दिवशी तिने मुलांना काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वाटले. ही युक्ती अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरचे हे अभियंते १९७८ मध्ये होशंगाबादच्या कार्यक्रमात सहभागी झाले, आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणे हेच पुढे त्यांचे जीवनकार्य झाले. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांनी ट्यूबच्या तुकड्यांत काड्या खोचून त्रिकोण केला, चौकोन केला. चौकोन बोटाने दाबला की कलंडतो, त्रिकोण आपला आकार सोडत नाही. मग ती म्हणाली, "आता चर्चमध्ये जा आणि वर बघा." मुले धावत गेली. छपराखालच्या लाकडी कैच्या आम्ही गेली चार वर्षे रोज पाहत आलो आहोत. त्यांत एवढे त्रिकोण आहेत, हे आम्हांलाही त्या दिवशी प्रथमच दिसले.

दुसऱ्या दिवशी हळद आली. कागदावर हळदीचे पाणी फासून वाळवले. त्यावर साबणाचे पाणी पडताच लाल डाग, आणि लिंबू पिळताच पुन्हा पिवळा. एका मुलीची आजी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "यात नवीन काय? लग्नातल्या हळदीचा कपडा साबणात टाकला की लाल होतोच की!" शिक्षिकेने आजीला आत बोलावले, खुर्ची दिली आणि मुलांना सांगितले, "आजींना आणखी काय काय ठाऊक आहे, ते विचारून घ्या." तासभर ती वृद्धा चुना, शिकेकाई, चिंच आणि राख यांविषयी बोलत राहिली, आणि मुले एकेक वस्तू आणून हळदीच्या कागदावर तपासत राहिली. त्या आजी दर रविवारी मिस्साला येतात. त्यांच्यापाशी शिकण्यासारखे इतके काही असेल, असे आमच्या मनात कधी आले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दोरीला दगड बांधून लंबक केले. दगड जड असो वा हलका, एका झोक्याला लागणारा वेळ तोच. पण पंचवीस सेंटिमीटरच्या दोरीला पूर्ण झोका घेण्यास एक सेकंद लागतो, आणि दोन सेकंद हवे असतील तर दोरी दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते. हे मुलांनी कुणी न सांगता शोधून काढले. त्यासाठी त्यांना दोन तास लागले. फळ्यावर आम्ही ते दोन मिनिटांत लिहिले असते.

चौथ्या दिवशी मेणबत्त्या निघाल्या.

प्रत्येक टोळीपुढे बशी, ग्लास आणि वेदीवरचे तुकडे. तिने मुलांना आधी अंदाज लिहायला लावला : एक मेणबत्ती लावली तर पाणी कुठवर चढेल, दोन लावल्या तर, तीन लावल्या तर? मग कृती. ग्लासावर स्केचपेनने खुणा करण्यात आल्या. एका मेणबत्तीला पाणी साधारण दीड बोट चढले. तिन्हींना तीन बोटे. एका टोळीला निराळेच माप मिळाले, तेव्हा ती "चुकलं" म्हणाली नाही. "तेही लिहा आणि पुन्हा करून पाहा," एवढेच म्हणाली. इतक्यात एक मुलगा ओरडला, "टीचर, मेणबत्ती जळत असताना पाणी वर येतच नाही! विझल्यावर येतं!" दुसरीने ग्लास टेकवताना कडेने निघालेले बुडबुडे पाहिले. बाहेर जाणारी हवा, थंड होणारी हवा, आत ढकलले जाणारे पाणी, अशी ती सारी साखळी मुलांनी आपसांत भांडत भांडत जोडली. त्या साध्या गोष्टी आम्ही त्या वर्षी टेबलावर स्वतःच्या हातांनी प्रयोग करीत असतानाही पाहिल्या नव्हत्या. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माणसाला पाहण्याची गरज वाटत नाही.

आम्ही उठलो. पाय जड झाले होते. पुढे जाऊन म्हणालो, "टीचर, मुलांना थोडं सांगायचंय." आणि आम्ही त्या चाळीस मुलांना २००२ सालची हकीकत सांगितली, नाव न घेता, पण काही न लपवता. तुमच्या फादरांनी एका मुलीचा बरोबर प्रश्न चूक ठरवला होता, तिला वर्गात हसू दिले होते, आणि त्याची क्षमा आजवर मागितली नव्हती. सभागृहात शांतता पसरली. मुले आमच्याकडे पाहत होती. ती मात्र ग्लास पुसत होती.

दुपारी मुले जेवायला गेल्यावर ती म्हणाली, "फादर, मला वाटलं होतं तुम्ही विसरला असाल." आम्ही विचारले, त्या दिवशी हसण्याचे फार लागले का? ती म्हणाली, "हसण्याचं नाही. मी त्या रात्री पुन्हा करून पाहिलं होतं. आई ओरडली, मेणबत्त्या संपवतेस म्हणून. पुन्हा तेच आलं. तरी पेपरात मी एक पंचमांश लिहिलं. कारण मार्क हवे होते. तुम्ही 'छान' लिहिलंत, ते लागलं."

वाचकहो, गेली पंचवीस वर्षे आम्ही पापनिवेदन ऐकत आलो आहोत. त्या दुपारी आम्हांला आमच्या पापाचे नाव कळले. आम्ही इतकी वर्षे समजत होतो, की आम्ही एक चुकीची माहिती दिली आणि एका मुलीला दुखावले. तेवढेच असते तर ते अज्ञान होते. पण जे स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहिले, त्याच्या विरुद्ध लिहायला आम्ही तिला शिकवले, आणि तसे लिहिल्याबद्दल तिला बक्षीस दिले. खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा ज्यांनी शिकवायची, त्यांनीच वर्गात खोटी साक्ष देण्याचा पाठ घालून दिला होता.

प्रवचनात आपण संत थॉमसला पुष्कळदा संशयी म्हणून बोल लावतो. परंतु शुभवर्तमान नीट वाचावे. प्रभूने त्याला बाहेर काढले नाही, इतर शिष्यांपुढे त्याचे हसे होऊ दिले नाही. त्याने आपले हात पुढे केले, कूस पुढे केली आणि बोट घालून पाहण्यास बोलावले. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना त्याने धन्य म्हटले हे खरे, पण ते थॉमसला पाहू दिल्यानंतर. थॉमसने प्रत्यक्ष बोट लावले की नाही, हे शुभवर्तमानकार सांगत नाही. जखमा पुढे केल्या गेल्या, यातच सारे आले. श्रद्धेची सत्ये परीक्षानळीत तपासता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण ज्या मुलाला बशीतल्या पाण्याविषयी खरे बोलण्याची मुभा नाही, ते देवाविषयी आपल्याशी खरे बोलेल, अशी अपेक्षा आपण कशी करावी?

आणि ही वाट आपल्या ख्रिस्तसभेला परकी नाही. ब्रुन येथील मठात ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे अठ्ठावीस हजार झाडे लावून, मोजून, आनुवंशिकतेचे नियम शोधले. शिक्षकपदाची परीक्षा मात्र त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १८६५ साली आलेले बेल्जियन जेझुइट फादर लाफों लोकांपुढे प्रयोग करून दाखवीत. जगदीशचंद्र बोस हे त्यांचे विद्यार्थी. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञानसंस्थेस फादरांनी मोठे साहाय्य केले, आणि त्याच संस्थेत पुढे १९२८ साली रामन यांचा जगप्रसिद्ध शोध लागला.

शिबिरानंतर आमच्या शाळेच्या पालकसभेत हा विषय निघाला. जमलेल्या निधीतून डिजिटल फळा घ्यावा, असे बहुतेकांचे म्हणणे होते. एक वडील उभे राहिले आणि म्हणाले, "फादर, प्रयोग चांगले आहेत. पण माझ्या मुलाला दहावीला मार्क लागणार, ते हळदीचा कागद देणार आहे का?" त्यांच्या बोलण्यात टवाळी नव्हती. वाडी विकून मुलाची फी भरणाऱ्या माणसाची ती काळजी होती, आणि आमच्यापाशी तिच्यावर पुरते उत्तर नव्हते. परीक्षा बदलणे आमच्या हाती नाही. शेवटी फळा घेण्याचे ठरले. त्याबरोबर एवढे मात्र सर्वांनी मान्य केले, की शनिवारचे दोन तास मुलांच्या हातांसाठी राखून ठेवायचे, शाळेच्या चाचणीतील काही गुण प्रत्यक्ष कृतीला द्यायचे, आणि प्रयोगशाळेच्या कपाटाचे कुलूप काढून टाकायचे. पहिल्याच शनिवारी दोन परीक्षानळ्या फुटल्या. आम्ही त्यांची नोंद खर्चाच्या वहीत केली.

शिबिरातील एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्याच दिवशी शिक्षिकेने गावातल्या कारखान्यातून लेथवरचा लोखंडाचा बारीक कीस आणून एका ओल्या परीक्षानळीत आत चिकटवला होता आणि ती नळी पाण्यात पालथी उभी करून ठेवली होती. तिकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते. लोखंड मुकाट्याने गंजत होते, आणि गंजताना आतील प्राणवायू घेत होते. तेथे ना ज्योत होती, ना तापलेली हवा. पाचव्या दिवशी मुलांनी पट्टी लावून पाहिले. पाणी नळीच्या जवळजवळ पाचव्या भागापर्यंत चढून थांबले होते. तो एक पंचमांश खरा होता. तो मिळवायला पाच दिवस वाट पाहावी लागली होती.

चर्चच्या दाराशी आता आम्ही एक पेटी ठेवली आहे. मुलांनी मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकावा. गेल्या रविवारी पहिलीच चिठ्ठी निघाली. दुसरी-तिसरीतल्या अक्षरात लिहिले होते : 'मिस्साच्या वेळी घंटा वाजते. तिला हात लावला की ती गप्प का होते?' पूर्वी आम्ही कंपन, ध्वनी, माध्यम असे काहीतरी सांगून मोकळे झालो असतो. मिस्सा संपल्यावर आम्ही त्या मुलाला शोधून काढले, वेदीजवळ नेले आणि काही न बोलता घंटा त्याच्या हातात दिली.